विकास मंडळाचे सदस्यत्व (महाराष्ट्र)

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन प्रदेशांसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) अन्वये स्थापन झालेल्या विकास मंडळांवरील पद; मंडळांची मुदत मात्र एप्रिल २०२० मध्ये संपली. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत ही मंडळे ‘वैधानिक विकास मंडळे’ म्हणूनच ओळखली जातात. अध्यक्ष आणि सदस्यांची नेमणूक राज्यपाल करतात. सदस्याच्या हाती तिजोरी नसते. काम मंजूर करणे, निविदा काढणे, बिल अदा करणे यांतले काहीच त्याच्या अधिकारात येत नाही. आपला प्रदेश कुठे आणि किती मागे आहे हे मोजायचे, त्यासाठी किती खर्च लागेल ते सुचवायचे आणि ते लेखी स्वरूपात राज्यपालांपर्यंत पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. लोक मात्र पुलाचे आणि रस्त्याचे अर्ज घेऊन त्याच्याकडे येत राहतात, आणि ‘मंडळाने काय केले?’ हा प्रश्न जवळजवळ नेहमी याच गैरसमजातून विचारला जातो.

या पदाची मुळे १९५३च्या नागपूर करारात आहेत. संयुक्त मराठी राज्यात आपली आबाळ होईल, ही विदर्भ आणि मराठवाड्याची धास्ती दूर करण्यासाठी निधी, शासकीय नोकऱ्या आणि तंत्रशिक्षण यांत न्याय्य वाटा देण्याची हमी त्या करारात होती. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने विकास मंडळे आणि निधीवाटप यांबाबत राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद घटनेत आली. प्रत्यक्ष मंडळे यायला मात्र आणखी जवळजवळ चार दशके गेली. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने ही मागणी लावून धरली, विदर्भातही तिने जोर धरला. १९८४ साली विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंडळांच्या बाजूने ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश ९ मार्च १९९४ रोजी निघाला आणि १ मे १९९४ या महाराष्ट्र दिनापासून मंडळे अस्तित्वात आली. विदर्भाचे कार्यालय नागपुरात, मराठवाड्याचे तेव्हाच्या औरंगाबादेत, तर उर्वरित महाराष्ट्राचे मुंबईत.

१९९४च्या आदेशानुसार प्रत्येक मंडळावर सात सदस्य असतात. त्या प्रदेशातला विधिमंडळाचा एक सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक सदस्य, तीन तज्ज्ञ, एक विभागीय आयुक्त आणि अपर आयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एक अधिकारी. शेवटचा अधिकारी सदस्य सचिव असतो आणि कार्यालय तोच चालवतो. तज्ज्ञांकडून नियोजन, शासकीय वित्त आणि लेखे, प्रशासन, तसेच सिंचन, आरोग्य, शेती, उद्योग, शिक्षण यांसारख्या क्षेत्रांच्या जाणकारीची अपेक्षा असते.

ही रचना कागदावर समतोल दिसते, पण टेबलाभोवती बसल्यावर प्रत्येकाची ओढ वेगळी असते. आमदाराला पुन्हा निवडून यायचे असते, त्यामुळे प्रदेशाच्या आधी त्याचा मतदारसंघ येतो. आयुक्तांची स्थिती आणखी अवघड. ज्या यंत्रणेने विकासाची कामे राबवली, तिचेच ते विभागातले प्रमुख, आणि त्या कामांचा परिणाम काय झाला याचे मूल्यमापन करणाऱ्या मंडळाचेही सदस्य. राहता राहिले तीन तज्ज्ञ. त्यांना मतदार नाहीत की सेवापुस्तिका नाही, म्हणून न पटणारा आकडा तोंडावर सांगण्याची मोकळीक खऱ्या अर्थाने त्यांनाच असते. मंडळाच्या अहवालाचा कस बहुतेक वेळा या तीन जागांवर कोण बसले आहे त्यावर ठरतो. या जागा राजकीय सोयीने भरल्या गेल्या तर मंडळ पत्रव्यवहारापुरते उरते.

आदेशाने मंडळाकडे चार कामे सोपवली आहेत. राज्याच्या एकूण पातळीच्या तुलनेत आपल्या प्रदेशाच्या विकासाची पातळी निर्देशांकांच्या आधारे ठरवणे, अनुशेष, म्हणजे विकासातली साचलेली तूट, दूर करण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा परिणाम तपासणे, योजनाकाळात आणि दरवर्षी किती विकासखर्च व्हावा ते सुचवणे, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर शक्यतो तीन महिन्यांत वार्षिक अहवाल राज्यपालांना देणे. हा अहवाल विधानसभेपुढे ठेवला जावा, असे खुद्द घटनेतच म्हटले आहे. सदस्याच्या पदाला जे काही वजन आहे ते इथून येते. प्रदेशाची तक्रार भाषणात राहिली तर विरते. अहवालातला तक्ता झाली की तिला उत्तर द्यावे लागते.

या सगळ्याचा गाभा म्हणजे ‘अनुशेष’. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने त्याला रीतसर व्याख्या दिली. जिल्हा हा एकक आणि राज्याची सरासरी हे माप. उदाहरणार्थ, समजा दर १०० चौरस किलोमीटरमागे राज्यात सरासरी ८० किलोमीटर रस्ते आहेत आणि एखाद्या जिल्ह्यात ६५. तूट १५ किलोमीटरची. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटर असेल तर १,५०० किलोमीटर रस्ता कमी आहे, आणि किलोमीटरला २० लाख रुपये खर्च धरला तर रस्त्यांचा अनुशेष ३०० कोटी रुपये. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचा अनुशेष शून्य धरायचा. त्याची आघाडी शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा करायची नाही. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, आरोग्य, शिक्षण अशा क्षेत्रांत हाच हिशेब करून समितीने १९८४ साली राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी होता.

मंडळे स्थापन झाल्यावर १९९५ साली निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली. तिच्या हिशेबाने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये भरला. विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५ आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी. दोन्ही आकडेवाऱ्या शेजारी ठेवून ‘दहा वर्षांत अनुशेष चौपट झाला’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण दरम्यान किमतीही वाढल्या होत्या. रकमेपेक्षा वाट्यातला बदल जास्त बोलका आहे. विदर्भ ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, मराठवाडा साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर, तर उर्वरित महाराष्ट्र ३७ वरून २४ वर आला.

या मापातल्या अडचणी प्रत्येक नव्या सदस्याला लवकरच कळतात. पहिली अशी, की अनुशेष एका तारखेला गोठवलेला असतो. १९९४ची तूट भरून निघेपर्यंत राज्याची सरासरी पुढे सरकलेली असते, आणि जुना अनुशेष संपल्याचे सरकारने जाहीर करावे त्याच वेळी लोकांना दरी होती तशीच दिसते. दुसरी अडचण पैशाची. तरतूद झाली म्हणजे खर्च झाला असे नाही, आणि खर्च झाला म्हणजे पाणी शेतात पोहोचले असेही नाही. म्हणून सिंचनाचा अनुशेष कोटींबरोबरच ‘रब्बी समतुल्य’ हेक्टरमध्येही, म्हणजे सगळ्या पिकांचे सिंचन रब्बी पिकाच्या पाण्याच्या हिशेबात बदलून, मोजला जाऊ लागला. अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष पैसे मंजूर होऊनही वर्षानुवर्षे रेंगाळला, हे त्या हेक्टरांमुळेच लपून राहिले नाही.

तिसरी अडचण जिल्ह्याच्या सरासरीची. उर्वरित महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येतात तसे माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुकेही येतात. ‘तुमच्याकडे सगळे आहे’ हे वाक्य या मंडळाच्या सदस्याला जितके ऐकावे लागते तितके दुसऱ्या कोणाला लागत नसेल. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे तालुका या एककावर भर दिला. त्या समितीचा २०१३चा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला.

मंडळाच्या शिफारशी विचारात घेऊन निधीवाटपाचे निर्देश देतात ते राज्यपाल. २००१ पासून असे निर्देश नियमितपणे निघू लागले आणि सदस्यांच्या कामाला दात आले, पण ते दात राज्यपालांचे होते. निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या अर्थसंकल्पात राज्यपालांनी किती हात घालावा, हा वाद त्यातूनच वाढला. नाव सारखे असले तरी कर्नाटकातले मंडळ या बाबतीत वेगळे आहे. ९८व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१ (ञ) खाली तिथे हैदराबाद-कर्नाटक, आताच्या कल्याण कर्नाटक प्रदेशासाठी जे मंडळ झाले, ते स्वतः निधी वापरून कामे करवून घेते. तिथल्या सदस्याकडे लोक अर्ज घेऊन आले तर ते योग्य दारी आलेले असतात. महाराष्ट्रातल्या मंडळाकडे कामे करवून घेण्याचे काम नसल्याचा एक फायदा असा, की मंडळानेच केलेल्या कामांची तपासणी मंडळानेच करण्याची पाळी येत नाही.

सदस्यांची मुदत मंडळाच्या मुदतीला बांधलेली असते, आणि मंडळाला वेळोवेळी मुदतवाढ घ्यावी लागते. ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली आणि वाढवली गेली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, तेव्हा विधान परिषदेवरील राज्यपालनियुक्त १२ सदस्यांच्या, राज्यपालांकडे रखडलेल्या नावांशी तो उघडपणे जोडला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिन्ही मंडळांच्या पुनर्गठनाची शिफारस करण्याचा निर्णय घेतला.