परसातला रॅम्प आणि वाळूतलं पाणी

वाळूसर जमीन सुधारायची कशी, असं कोकणात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. शेणखत घाला, पालापाचोळा कुजवा, जमीन भुसभुशीत होऊ द्या. माडाला आणि सुपारीला हा सल्ला मानवतो. पण किनाऱ्यालगतच्या आगरांतली पोरं हल्ली घरामागे सायकलच्या जंपा बांधतात. मोबाइलवर डर्ट जंपचे व्हिडिओ बघायचे, बापाचं फावडं उचलायचं आणि परसातलीच वाळू ओढून ढीग घालायचा. दोन-चार उड्यांत रॅम्पचा वरचा काठ ढासळतो, आणि वाटेने जाणारं कुणीतरी मोठं माणूस सांगून जातं, "अरे, शेण घाला त्यात भरपूर!"

हा सल्ला इथे साफ उलटा आहे. मुळांना हवा आणि पाणी लागतं, म्हणून बागेच्या मातीत पोकळ्या वाढवायच्या असतात. चाकाला त्याच पोकळ्या नडतात. शिवाय खत कुजतं, कुजलं की त्याची जागा रिकामी होते, आणि रॅम्प आतून बसतो. तेव्हा रॅम्पपुरता शेतीचा विचार बाजूला ठेवू आणि बांधकामाचा करू.

कोरडी वाळू ओतली की ढिगाचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर थांबतो. त्याहून उभा ढीग राहतच नाही, कितीही थापा. उडी मारायच्या रॅम्पचा काठ मात्र 45 ते 60 अंशांचा लागतो. वर त्यावरून सायकल जाणार. टायरमध्ये 30 पीएसआय हवा असेल तर टायर जमिनीला जिथे टेकतं तिथे दाब जवळपास तेवढाच, म्हणजे सुमारे 200 किलोपास्कल पडतो. रॅम्पचा बाक अडीच मीटर त्रिज्येचा आणि वेग सेकंदाला 6 मीटर धरला, तर बाकातून वर जाताना पोराचं आणि सायकलचं वजन काही क्षण जवळजवळ अडीचपट भासतं. हे सगळं सोसायचं कुणी? तर एकमेकांना न चिकटणाऱ्या, गोलसर कणांनी.

वाळू ओली केली की ती उभी राहते हे किनाऱ्यावर खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण "पाणी चिकट असतं म्हणून" हे जे स्पष्टीकरण दिलं जातं ते अर्धवट आहे. पाणी चिकट असतं तर जास्त पाण्याने जास्त पकड आली असती. प्रत्यक्षात बादली ओतली की किल्ला वाहून जातो. म्हणजे पकड पाण्यामुळे येते, तरी ती पाण्याच्या प्रमाणात वाढत नाही. मृदा यांत्रिकीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

दोन कण एकमेकांना टेकतात त्या ठिकाणी थोडंसं पाणी अडकतं आणि त्याचा एक इवलासा पूल तयार होतो. पुलाच्या कडा आतल्या बाजूला वाकलेल्या असतात. पाण्याच्या पृष्ठताणामुळे या वक्र कडेच्या आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बाहेरची हवा कणांना आत ढकलते, कण एकमेकांवर दाबले जातात, आणि दाबले गेल्यामुळे त्यांच्यातलं घर्षण वाढतं. वाळूची पकड ही अशी आहे: ओढ पाण्याची, जोर हवेचा आणि काम घर्षणाचं.

आता आकडे. 0.3 मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण घ्या. दोन गोल कणांमधल्या छोट्या पुलाचं बळ काढायचं सूत्र शाळेतल्या गणिताइतकंच आहे: 2π गुणिले कणाची त्रिज्या गुणिले पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन. उत्तर येतं एका न्यूटनच्या दहा हजाराव्या भागाहूनही थोडं कमी. नगण्य वाटतं ना? पण त्या कणाचं स्वतःचं वजन काढा. हे बळ त्या वजनाच्या सुमारे 180 पट भरतं! खरे कण खडबडीत असल्याने प्रत्यक्षात पकड यापेक्षा कमी मिळते, तरीही एक कण दुसऱ्याला लोंबकळत राहू शकतो. आणि सूत्रात बघा, पाण्याचं प्रमाण कुठेच नाही. पूल लहान असो की जरा मोठा, बळ जवळपास तेवढंच. म्हणूनच चिमूटभर पाण्यात काम भागतं. ॲमस्टरडॅममधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2012 साली वाळूचे खांब उभे करून नेमकं हेच मोजलं. सर्वाधिक मजबुती आकारमानाच्या अवघ्या एक टक्का पाण्याला मिळाली. पाणी वाढत गेलं की शेजारचे पूल एकमेकांत मिसळतात, वक्र कडा नाहीशा होतात, आणि सगळ्या पोकळ्या भरल्या की ओढ शून्यावर येते.

सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बळ त्रिज्येच्या पटीत वाढतं, पण एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती पूल बसतील ते त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. दोन्ही गुणले की मातीची एकूण पकड त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात उरते. कण निम्मा केला तर पकड दुप्पट. हीच गोष्ट दाबाच्या भाषेत मांडली तर वक्र कडेच्या आतली ओढ म्हणजे दुप्पट पृष्ठताण भागिले पोकळीची त्रिज्या. वाळूतली पोकळी 0.05 मिलिमीटरची धरली तर सुमारे 3 किलोपास्कल येतात, म्हणजे फूटभर उंचीच्या पाण्याचा दाब. पोकळी 0.001 मिलिमीटरची केली की तीच ओढ 144 किलोपास्कल होते. टायरच्या 200 शी याची थेट तुलना काटेकोर नाही, कारण घर्षणाचा वाटा वेगळा मोजावा लागतो. पण 3 कुठे आणि 144 कुठे.

इतक्या बारीक पोकळ्या मिळतात चिकणमातीत. तिचे कण 0.002 मिलिमीटरपेक्षा लहान आणि आकाराने चपटे असतात. त्या पोकळ्यांतलं पाणी ऊनही सहजासहजी ओढून काढू शकत नाही. वाळूचे पूल दुपारपर्यंत सुकतात आणि रॅम्प पुन्हा भुगा होतो. चिकणमाती सुकताना उलट आणखी कडक होते, कारण उरलेलं पाणी आणखी बारीक फटींत सरकतं.

मग रॅम्प नुसत्या चिकणमातीचाच का बांधू नये? सुकताना ती आक्रसते आणि तडकते म्हणून. वाळूचे कण एकमेकांना टेकून सांगाडा धरतात आणि चिकणमाती त्यांच्यामध्ये बसते, हे मिश्रण उत्तम. मातीच्या भिंती बांधणारे जगभर साधारण याच हिशेबाने चालत आले आहेत: चिकणमाती पाव भागाच्या आसपास आणि बाकीचा मोठा भाग वाळू. कोकणात ती मिळते जांभ्याच्या तांबड्या मातीत. त्या मातीत मुख्यतः केओलिनाइट हे चिकण-खनिज आणि लोहाची ऑक्साइडं असतात, आणि केओलिनाइट पाण्याने फारसं फुगत नाही. देशावरच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट असतं. त्याच्या थरांमध्येच पाणी शिरतं, म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी रॅम्प बांधणार असेल तर काळी माती जपून घाला, मुरूम आणि वाळू जास्त ठेवा. खाडीचा चिखल मात्र नको. तो खारट असतो, आणि कांदळवनातून काही उचलणं कायद्यातही बसत नाही. किनाऱ्यावरची पुळण आणि वाळूच्या टेकड्या उकरण्यालाही सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची, मनाई आहे. परसात आहे तेवढी वाळू पुरे.

तांबड्या मातीत चिकण किती हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ बाजूंची काचेची बरणी तिसरा भाग मातीने भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घाला, चांगली हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते. 0.002 मिलिमीटरच्या कणाला 10 सेंटिमीटर खाली यायला जवळपास 8 तास लागतात, त्याहून बारीक कण दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवतात. पट्टी लावून थर मोजले की अंदाज येतो. मोजायचाही कंटाळा असेल तर ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बघा. न तुटता वळली तर चिकण भरपूर आहे.

आता चोपायचं. इथे पुन्हा पाणी आडवं येतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ मातीची धरणं बांधताना राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने 1933 मध्ये दाखवून दिलं की तेवढ्याच ठोक्यांत माती सर्वाधिक घट्ट बसायची असेल तर पाण्याचं एक ठरावीक प्रमाण साधावं लागतं. कमी पाण्यात ढेकळं घसरत नाहीत. जास्त पाण्यात पोकळ्या आधीच भरलेल्या असतात, आणि पाणी दाबून कमी होत नाही. आपल्याकडे आजही रस्त्याच्या भरावाची माती याच चाचणीने तपासतात. परसासाठी मूठ पुरे: माती मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. चिखलासारखा पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी.

खरं तर दिवाळीनंतर अंगणात खळं करणाऱ्या घरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. माती उकरायची, पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचं, मग चोपण्याने ठोकत जायचं आणि शेवटी शेणाने सारवायचं. शेण तिथे फक्त वरचा पातळ थर म्हणून येतं, धूळ दाबायला. मातीत कालवायला कुणी घेत नाही. रॅम्पसाठी हेच करा, फक्त थर देत वर चढा. एकेक थर वीतभरापेक्षा जाड नको, कारण चोपण्याचा किंवा धुमसाचा ठोका त्याहून खोल पोचत नाही. वरून कडक दिसणारे कितीतरी रॅम्प आतून पोकळ असतात ते एवढ्यामुळेच.

बांध किंवा गडगा वारंवार ढासळला की "राखणदाराचं काहीतरी राहिलंय" असं म्हणून नारळ ठेवायची रीत अजून आहे. नारळ ठेवा, प्रसाद पोरांना आवडतो, पण मग पाण्याचा निचरा आणि मातीचा पोतही बघा. बाटलीतून विकल्या जाणाऱ्या "नॅनो" आणि "एन्झाइम" द्रावणांचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यांच्यासाठी लोक खरे पैसे मोजतात. एन्झाइमवाल्यांच्या माहितीपत्रकातला दावाच मुळी चिकणमातीवर काम करण्याचा असतो. नुसत्या वाळूत त्याला धरायला काही नसतं. सिमेंट काम करतं, हे मान्य. पण काठाचा टवका उडाला की तो थापून दुरुस्त होत नाही, आणि त्यावर पडलेल्या पोराचे गुडघे सोलवटून निघतात.

सगळा ढीग महागाच्या मातीचा करायची गरज नाही. वाळूला चहूबाजूंनी कोंडलं तर ती उत्तम भार घेते. ती हरते ती फक्त उघड्या, तिरक्या बाजूला, जिथे तिला आवरायला कुणी नसतं. म्हणून पोटात फुटके चिरे आणि परसातली ओलसर वाळू ठोकून भरा, आणि वर वीतभर जाडीचं तांबड्या मातीचं कवच द्या. काठाकडे ते दुप्पट जाड हवं. माती भाड्याच्या टेम्पोने आणावी लागत असेल तर यात बरेच पैसे वाचतात.

पाऊस हा या कवचाचा शत्रू, आणि त्यातही सुकलेल्या कवचावर पडलेली पहिली सर. कोरड्या मातीच्या बारीक फटींत पाणी चारी बाजूंनी घुसतं, आतली हवा कोंडते, तिचा दाब वाढतो आणि माती पापुद्र्यांनी फुटते. सुकलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडलं तर बुडबुडे सोडत फुटताना दिसेल. तेच ढेकूळ आधी किंचित दमट केलेलं असेल तर बराच वेळ टिकतं. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस रॅम्पवर हलकं पाणी शिंपडायचं, मग ताडपत्री ओढून कडा चिऱ्यांनी दाबायच्या आणि पायथ्याला चर खणायचा. ताडपत्री रॅम्पला घट्ट चिकटवू नका, खाली दोन-चार झापं घाला म्हणजे हवा खेळती राहील. पावसानंतर जो पापुद्रा सुटला असेल तो खरवडून काढा, बादलीत रात्रभर भिजवा, थोडी वाळू मिसळा आणि पुन्हा चोपून बसवा. माती तीच चालते.