हवा मोजणारी तार आणि तिच्यावर बसणारी धूळ

एक लिटर पेट्रोल जळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. ३५ लिटरची टाकी फुल केली तर ती संपेपर्यंत इंजिन तीन लाख लिटरच्या वर हवा ओढणार, आणि ही सगळी हवा रस्त्यावरची, म्हणजे धूळ, धूर, पुढच्या ट्रकने उडवलेली माती सगळं त्यात आलंच. एअर फिल्टर त्यातलं बहुतेक अडवतो पण सगळं नाही.

हवेचा हिशोब मात्र लिटरमध्ये करून चालत नाही, तो वजनातच करावा लागतो. १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण. आणि हवेचं वजन जागेप्रमाणे बदलतं, तुम्ही मुंबईहून महाबळेश्वरला गेलात की तिथली हवा दहा-बारा टक्के विरळ असते, म्हणजे तेवढ्याच लिटर हवेत ऑक्सिजन कमी, मग पेट्रोलही त्या मानाने कमी सोडायला हवं. हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळणार कसं? त्यासाठी एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्यामधल्या पाइपवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, मास एअर फ्लो सेन्सर, गॅरेजमध्ये याला नुसतं एअर फ्लो किंवा एअर मास म्हणतात. (बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा नसतोच, तिथे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून काम भागवतात, त्यामुळे आपल्या गाडीत आहे का ते आधी बघून घ्या.)

त्याची युक्ती मला फार आवडते. आत प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार किंवा पातळ फिल्म असते, ती करंट देऊन आत येणाऱ्या हवेपेक्षा शंभर-दोनशे डिग्री जास्त गरम ठेवायची. गरम चहावर फुंकर मारली की तो निवतो, तशी वाहती हवा ही तार थंड करते, आणि तिला परत त्याच तापमानावर ठेवायला किती करंट लागला यावरून किती हवा गेली ते कळतं. थंड, दाट हवा जास्त उष्णता नेते, विरळ हवा कमी, त्यामुळे वजनाचा हिशोब आपोआप होतो! यामागचं गणित कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले लुई किंग यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं. तारेतून जाणारी उष्णता हवेच्या वेगाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते.

आता खरी गोम या वर्गमुळातच आहे. तारेवर धुळीचा आणि तेलकट वाफेचा थर बसला (इंजिन बंद झाल्यावर आतली तेलाची वाफ उलटी मागे येते, तिच्यावर धूळ चिकटते) की उष्णता नीट बाहेर जात नाही. समजा ती ५ टक्के कमी गेली, तर कॉम्प्युटरचा हवेचा अंदाज निदान १० टक्क्यांनी चुकतो, कारण उलट हिशोब करताना वर्ग होतो. हवा कमी समजली म्हणून पेट्रोल कमी सोडलं जातं, गाडी झटके देते, पिकअप मरतो, आयडलिंगला थरथरते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो, पण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलात की ही दुरुस्ती जवळजवळ थांबते आणि चूक उघडी पडते. डिझेलला वेगळंच, हवा कमी आहे असं वाटलं की धूर होऊ नये म्हणून डिझेलच तोडलं जातं आणि घाटात गाडी ओढत नाही.

बॉशच्या जुन्या तारवाल्या सेन्सरमध्ये इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर हजार डिग्रीच्या आसपास तापवून घाण जाळायची सोय होती, फिल्मवाल्यांत ती नाही.

म्हणून साफ करायचं, आणि ते अवघड नाही. इंजिन थंड, इग्निशन बंद, सेन्सरच्या वायरचा कपलर काढा (वायर ओढू नका, लॉक दाबून काढा), दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर. मास एअर फ्लोसाठी म्हणून मिळतो तोच स्प्रे वापरा, कार्ब (कार्बोरेटर) क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर अजिबात नको, एक मागे थर सोडू शकतो नाहीतर दुसरा प्लास्टिक खराब करतो. थोड्या अंतरावरून दहा-पंधरा वेळा मारा, सगळ्या बाजूंनी. बोट, कापूस, इअरबड, ब्रश काही लावायचं नाही, आणि हवेची गन तर नाहीच, ती तार तुटली की सेन्सरच नवा घ्यावा लागतो. मग पूर्ण वाळू द्या, निदान अर्धा तास, घाई करू नका कारण स्प्रे पेट घेणारा असतो. बसवताना बाणाची दिशा आणि रबरी रिंग बघा, स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, जास्त आवळू नका.

कधी करायचं? माझ्या मते एअर फिल्टर बदलताना एकदा काढून बघावं, धुळीच्या रस्त्यावर जास्त फिरत असाल तर नक्कीच. त्याहून महत्त्वाचं, कागदी फिल्टर हवा मारून मारून पुन्हा वापरणं सोडा, जोरात मारलं की त्याला बारीक भोकं पडतात आणि तीच धूळ तारेवर बसते. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर तेल कमीच लावा.

स्कॅनरवर पी०१०१ (एअर फ्लोचं रीडिंग जुळत नाही) किंवा पी०१७१ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असा बिघाडाचा कोड आला आणि कोणी सेन्सर बदला म्हणालं तर आधी स्प्रे मारा, स्प्रे काही शे रुपयांचा, सेन्सर काही हजारांचा. कोड क्लिअर करून थोडी गाडी चालवा आणि स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघा, शून्याच्या जवळ आला तर काम झालं. नाही आला तर सेन्सरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप आणि क्लिपा तपासा, चिरलेल्या पाइपमधून न मोजलेली हवा आत जाते आणि लक्षणं हुबेहूब तीच दिसतात, सेन्सर नवा टाकून काही उपयोग होत नाही.