मोडीच्या भावातली घागर

घरातली जुनी घागर कुणी मागितली की पहिला प्रश्न येतो, कितीला द्यायची? बेळगावकडे याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं: काट्यावर ठेवा. नवं भांडं घेताना धातूचं वजन आणि वर घडणावळ, जुनं देताना तूट वजा जाऊन मोडीचा, म्हणजे भंगाराचा भाव. भांड्याच्या वयाला पैसे मोजायची रीतच नव्हती.

पूर्वी तांबट पत्रा ठोकून भांडं घडवायचा. घागरीचा पोटाचा आणि गळ्याचा भाग वेगळा करून झाळ देऊन, म्हणजे सांध्यात धातू वितळवून जोडायचा. अंगावर ठोक्यांचे बारीक ठसे आणि सांध्यावर फिकट पिवळी रेघ दिसली, तर भांडं हातचं. बुडाशी एकात एक गोल रेघा दिसल्या तर ते यंत्रावर फिरवलेलं. काशाच्या भांड्यावर टिचकी मारली की नाद लांबतो. त्यात कथील असल्याने ते पितळेपेक्षा महाग. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की ताक, आमटी कळकायची, म्हणून कल्हईवाल्याची हाक आणि नवसागराचा धूर दर गल्लीत ठरलेला.

सगळ्यात बोलकं असतं ते नाव. आजीच्या कळशीवर गळ्याखाली टिपक्या-टिपक्यांनी तिचं नाव आणि ‘शके १८५१’ घातलंय. ७८ मिळवले की १९२९; लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर १९३०. तिच्याच माहेरचा हंडा बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या बाजारातून आलेला, त्यावरचं नाव मात्र कन्नड लिपीत. घरात कन्नड वाचणारं कुणी नव्हतं. नाव घालणारा ज्या पेठेत बसायचा तिथली लिपी भांड्यावर यायची, एवढाच अर्थ. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. तेव्हा लिपी पाहून मालकाची भाषा ठरवायची घाई करू नये, आमच्याकडे तर नाहीच. काही भांड्यांवर वजनही ठोकलेलं असतं. ते शेरात असेल (८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम), तर भांडं किलो रुळण्याआधीचं, साधारण १९६० पूर्वीचं धरायला हरकत नाही. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या जुन्या सामानात कधी बाणाची खूण असलेलं भांडं निघतं. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

मग ही भांडी गेली कुठे? आधी ‘जर्मल’ आलं. अ‍ॅल्युमिनियमला खेड्यात अजून हेच नाव आहे. जर्मन सिल्व्हर हा खरं तर तांबं, जस्त आणि निकेलचा निराळाच मिश्रधातू, पण त्याचं नाव अ‍ॅल्युमिनियमला चिकटलं. १९५९ मध्ये प्रेशर कुकर बनवणाऱ्या कंपन्या देशात उभ्या राहिल्या, पुढे गॅस आला, पाठोपाठ स्टील. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको. बायकांनी पितळ तोलून दिलं आणि स्टीलचे डबे घरी आणले. त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. हंडा रोज घासून बघावा, मग बोलावं.

आता शोभेसाठी मागणी आली आणि नकलाही. आम्लाने काळवंडलेलं भांडं सगळीकडून सारखं काळं असतं. वापरातलं भांडं काठाला, गळ्याला, चुंबळीवर टेकतं तिथे झिजतं. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड, वर नुसता तांब्याचा मुलामा.

पॉलिश करायला देताना मात्र सांभाळा. गोकाकचा तो हंडा आम्ही एका दुकानात दिला. चकाकून परत आला, पण यंत्राच्या चाकाखाली टिपके पुसले गेले. नाव गेलं म्हणताच दुकानदाराने तो काट्यावर ठेवला आणि म्हणाला, वजन बघा, जरा तरी कमी झालंय का?

कळशी तेव्हापासून आम्ही कुणाच्या हाती देत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तिला अजून थोडा अवकाश आहे, पण परदेशातल्या भाचीने ती मागून ठेवलीय.