फाइट मास्टर (मुंबई चित्रपटसृष्टी)

चित्रपटातील मारामाऱ्या, उड्या, आगीची व वाहनांची दृश्ये रचणारा आणि ती चित्रित होईपर्यंत त्यांची जबाबदारी वाहणारा तंत्रज्ञ. श्रेयनामावलीत पूर्वी त्याचे नाव ‘थ्रिल्स’ किंवा ‘फाइट कंपोझर’ या शीर्षकाखाली येई, आता ‘अ‍ॅक्शन डायरेक्टर’ म्हणून येते. सेटवर मात्र सगळे त्याला ‘मास्टरजी’च म्हणतात. दृश्य थरारक दिसले पाहिजे आणि ‘कट’ म्हटल्यावर खाली पडलेला माणूस स्वतःच्या पायांवर उठला पाहिजे, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर असते. जाणकार मास्टरला जोखतात ते दुसऱ्या गोष्टीवरून.

मुंबईतील साहसपटांची परंपरा मूकपटांपासूनची. तलवारबाजीने गाजलेले मास्टर विठ्ठल हेच पुढे ‘आलम आरा’ (1931) या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक झाले. वाडिया बंधूंनी 1933 मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली आणि ‘हंटरवाली’ने (1935) फिअरलेस नादिया यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. परळचा हा स्टुडिओ 1942 मध्ये व्ही. शांताराम यांनी घेतला आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. त्या काळी नट-नट्या जोखमीची कामे स्वतःच करीत. अंतर मोजून मारण्याची शिस्त पुरती रुजली नव्हती. 1942 मध्येच एका दृश्यात सहकलाकार मास्टर भगवान यांची थप्पड खरोखरच जोरात बसल्याने ललिता पवार यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. हातून नकळत घडलेली ही गोष्ट ‘पास’ म्हणजे काय ते शिकवताना सांगण्यासारखी आहे.

पास म्हणजे चेहऱ्याला न लागता समोरून निघून जाणारा ठोसा. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे ठेवतात. बाजूने लावला तर मधली मोकळी जागा लगेच उघडी पडते. मूठ आणि जबडा यांत निदान वीतभर अंतर असते. लांब पल्ल्याची लेन्स खोली दाबून दाखवते, त्यामुळे ती असेल तर हे अंतर आणखी वाढवता येते. मूठ चेहऱ्यावरून आडवी जाते तो क्षण मार खाणाऱ्याने पकडायचा: आधी मान फिरते, मग खांदा, मग पाय उचलतात. नवखा फायटर, म्हणजे मारामारी करणारा कलाकार, सगळे अंग एकदम फेकतो आणि तो ठोसा पडद्यावर खोटा दिसतो. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धावतात. मान दोन-तीन चौकटी आधी वळली तर संकलक तेवढे कापू शकतो, त्याहून आधी वळली तर शॉट पुन्हा घ्यावा लागतो. वेग वाढवायचा असेल तर सेकंदाला 22 किंवा 20 चौकटींवर चित्रण करतात; पडद्यावर त्या 24 च्याच गतीने धावतात, म्हणून हालचाल जलद दिसते. त्याखाली गेले की हालचाली जुन्या मूकपटासारख्या तुटक दिसू लागतात. समोरच्याशी नजर मिळाल्याशिवाय हात उचलायचा नाही, हा नियम नवशिक्याइतकाच मोठ्या नटालाही लागू. थकलेल्या नटाला दहाव्या टेकला हे अंतर कळेनासे होते, तेव्हा चित्रण थांबवण्याची हिंमत मास्टरमध्ये हवी.

उडीसाठी आजही पुठ्ठ्याचे रिकामे खोके वापरतात. दीड-दोन फूट उंचीचे, एकाच मापाचे खोके झाकणे चिकटवून थरांनी रचतात, हवा निघून जावी म्हणून त्यांचे कोपरे कापतात, वर गाद्या टाकतात आणि ढीग विस्कटू नये म्हणून भोवती दोर आवळतात. खोका दबत जातो आणि पडण्याचा जोर खातो. उंची वाढली की थर वाढवायचे, शिवाय ढिगाची लांबी-रुंदीही वाढवायची, कारण उंचावरून उडी भरकटते. उतरायचे पाठीवर, हनुवटी छातीला लावून. पायांवर उतरल्यास पाय दोन खोक्यांच्या फटीत घुसतात आणि गुडघा तोंडावर आदळतो. चुका बहुधा दोन ठिकाणी होतात. एक, दबलेले खोके न बदलताच दुसरा टेक घेतला जातो. दोन, पावसाळ्यात गोरेगावच्या चित्रनगरीत उघड्यावर रचलेला पुठ्ठा रात्रभरात ओल धरतो; दिसायला तो धड दिसतो, पण वजन पडताच बसतो. एअरबॅगचे, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या गादीचे, तंत्र वेगळे: हवा जास्त भरली तर माणूस उसळून बाहेर फेकला जातो, कमी भरली तर जमिनीला टेकतो.

केबलकाम, म्हणजे माणसाला तारेला लटकवून उडवणे, मुंबईत हाँगकाँगच्या प्रभावाने वाढले. पूर्वी तार कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून बारीक घ्यायची आणि मागच्या पार्श्वभूमीच्या रंगाने रंगवायची. म्हणजे चित्र वाचवण्यासाठी माणसाखालची ताकद कमी करायची. संगणकावर तार पुसता येऊ लागली तेव्हा जाड, दिसणारी, भरवशाची तार वापरता येऊ लागली. या बदलाने फायटरचे जेवढे भले केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या हार्नेसला कोलांटीसाठी कमरेच्या दोन्ही बाजूंना तार जोडतात, मागे फेकला जाण्यासाठी पाठीवर. दुसऱ्या टोकाला कप्पीतून आलेला दोर चार-सहा माणसे ओढतात आणि किती ओढायचे त्याची खूण दोरावर रंगीत टेपने केलेली असते. एकाने जरी आधी हिसका दिला तरी वरचा माणूस तिरका होतो. आधी फायटरपेक्षा जास्त वजनाचे वाळूचे पोते वर-खाली करून पाहायचे. तारेला पीळ पडला किंवा एखादा धागा उसवला तर ती जोडून वापरायची नाही, टाकून द्यायची.

आगीच्या दृश्यात आत सुती किंवा लोकरी कपडे आणि त्यावर गार जेलचा थर असतो. नायलॉन वितळून कातडीला चिकटते, म्हणून मोजेसुद्धा तपासतात. पेटलेला माणूस श्वास रोखून धरतो आणि पालथा पडला की तोच विझवण्याचा इशारा. काचेसाठी पूर्वी साखरेची काच करीत, आता राळेची. मोठ्या खिडकीला टफन काच (फुटल्यावर बारीक तुकडे होणारी) लावून ती अंग आदळण्याच्या क्षणभर आधी फोडतात. साध्या काचेचे लांब पाते निघते, म्हणून ती कधीच नाही. गाडी उलटवण्याआधी आत लोखंडी पिंजरा जोडतात, पेट्रोल नाममात्र ठेवतात आणि बॅटरी बांधून टाकतात.

मोठ्या उडीला सगळे सावध असतात. घात साध्या शॉटला होतो. जुलै 1982 मध्ये बेंगळुरूत ‘कुली’च्या मारामारीत अमिताभ बच्चन यांचा उडीचा अंदाज चुकला, टेबलाचा कोपरा पोटात बसला आणि ते मृत्यूच्या दारात पोहोचले.

मास्टर होण्याची वाट फायटर, मग सहायक, मग स्वतंत्र काम अशी असते. अमृतसरहून आलेले वीरू देवगण (निधन 27 मे 2019, मुंबई) याच वाटेने वर आले आणि त्यांनी ऐंशीहून अधिक हिंदी चित्रपटांची साहसदृश्ये बसवली. ‘फूल और काँटे’मध्ये (1991) दोन मोटारसायकलींवर पाय पसरून उभा असलेला अजय देवगण हा त्यांचाच मुलगा. फाइट मास्टर एम. बी. शेट्टी यांचा मुलगा रोहित शेट्टी दिग्दर्शक झाला, तर फाइट मास्टरच असलेल्या शाम कौशल यांचा मुलगा विकी कौशल नट झाला.

बायकांच्या जागी विग लावलेला पुरुष उभा करण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. ‘शोले’त (1975) मात्र टांग्याच्या दृश्यांत हेमा मालिनी यांच्या जागी स्टंट करणाऱ्या रेश्मा पठाण होत्या. याच चित्रपटातील आगगाडीचे दृश्य पनवेलजवळ सात आठवड्यांहून अधिक काळ चित्रित झाले, त्यासाठी ब्रिटिश स्टंट तंत्रज्ञही आले होते. घोड्यांच्या पायांत तार अडकवून त्यांना पाडणे हा एके काळी सर्रास चालणारा क्रूर प्रकार होता. आता 2001 च्या नियमांनुसार प्राण्यांच्या दृश्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते.

माणसांच्या बाबतीत अशी तजवीज उशिरा झाली. फायटरांच्या जोखमीमुळे विमा कंपन्या त्यांना सहजी दारात उभे करीत नसत. 2017 मध्ये अक्षय कुमार यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी गट विमा सुरू झाला. साहसदृश्य दिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कारही 64 व्या पुरस्कारांपासून, म्हणजे 2016 सालच्या चित्रपटांपासून मिळू लागला. पहिला मान ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हेन यांना गेला.