पंक शोच्या जुन्या टेपा आणि वेगाचा वाद : पार्श्वभूमी

पंक रॉक बँडच्या शोच्या, चाहत्यांमध्ये फिरणाऱ्या एखाद्या जुन्या टेपचं परीक्षण निघालं की हल्ली सगळ्यात जास्त भांडण होतं ते वेगावरून. ड्रमर त्या रात्री खरंच इतका सुसाट वाजवत होता, की टेपच पळतेय? गायकाचा आवाज चिरका होता, की नुसताच वर सरकलाय? हे ठरल्याशिवाय वादनाबद्दल एक वाक्यही लिहिण्यात अर्थ नसतो, कारण पंकमध्ये वेग हाच अर्धा मुद्दा. तरीही बहुतेक परीक्षणं सेटलिस्ट (वाजवलेल्या गाण्यांची यादी), आवाजाचा दर्जा आणि शेवटी ‘ए मायनस’ असा एक शेरा एवढ्यावर आटोपतात. ही सवय आली कुठून, ते पाहण्यासाठी हे टिपण.

फार मागे जायची गरज नाही. १९०१ ते १९०३ दरम्यान न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिथल्याच ग्रंथपालाने मेणाच्या सिलिंडरवर प्रयोग टिपले होते, हे प्रयोग चालू असताना केलेल्या अशा रेकॉर्डिंगचं मूळ म्हणून नेहमी सांगतात, सांगून झालं. रॉकपुरतं पाहिलं तर खरी सुरुवात १९६९ ची. त्या नोव्हेंबरात ओकलंडला झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या शोचं प्रेक्षकांतून केलेलं रेकॉर्डिंग काही आठवड्यांत बूटलेग, म्हणजे विनापरवाना काढलेली, एलपी होऊन विकायला आलं, आणि रॉकच्या छापील नियतकालिकात त्याचं रीतसर, तेही कौतुकाचं परीक्षण आलं. चोरून काढलेल्या रेकॉर्डचंही कंपनीच्या रेकॉर्डसारखंच परीक्षण करायचं, हा पायंडा तिथून पडला. बँड कसा वाजला ते लिहायचं, टेप कशी झाली ते एका ओळीत उरकायचं.

पंकच्या वाट्याला कॅसेट आली. १९६३ मध्ये बाजारात आलेली कॅसेट १९७४–७६ पर्यंत, म्हणजे न्यूयॉर्क आणि लंडनच्या क्लबांत पंक आकार घेत होतं तोवर, सहज परवडणारी झाली होती. पिशवीत मावेल असा रेकॉर्डर कुणाकडे ना कुणाकडे असायचाच. शिवाय पंकचे सेट आखूड. न्यूयॉर्कच्या रामोन्स या बँडचे सुरुवातीचे सेट वीस मिनिटांच्या आत संपायचे, आणि सी-९० कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. कॅसेट उलटताना अर्धं गाणं गेलं, ही लांबलचक जॅम करणाऱ्या बँडांचे शो टेप करणाऱ्या ‘टेपर’ मंडळींची कायमची रड इथे फारशी नव्हती.

रड होती ती वेगळीच. त्या काळच्या स्वस्त मोनो रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असायचं आणि पंक शोमध्ये त्याची पुरती दमछाक व्हायची. ड्रमच्या पहिल्याच फटक्याला सर्किट सगळा आवाज दाबतं, मग गाणंभर गिटार घोंगडीखालून आल्यासारखी ऐकू येते. गाणं संपलं की दोन-तीन सेकंदांत पातळी वर चढते आणि माइकशेजारचा माणूस मित्राला काय म्हणाला ते शब्द न् शब्द कळतं. पुन्हा ‘वन-टू-थ्री-फोर’, पुन्हा घोंगडी. याचे गुण कापणारे परीक्षक आहेत. मला मात्र त्या दोन गाण्यांमधल्या सेकंदांत खोली किती मोठी, माणसं किती आणि त्यांना बँड आवडतोय की नाही, हे सेटलिस्टपेक्षा जास्त कळतं.

साउंडबोर्ड टेप, म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेली, आपोआप वरच्या दर्जाची, हा समजही इथे तपासून घ्यायला हवा. मोठ्या सभागृहात सगळी वाद्यं मिक्सरमधून जातात. लहान क्लबात पीए (मिक्सरला जोडलेले लाउडस्पीकर) मुख्यतः गायकासाठी असायचा. गिटार आणि बास स्टेजवरच्या अँप्लिफायरमधून थेट खोलीत यायचे. त्यामुळे अशा ठिकाणच्या साउंडबोर्ड टेपवर गायक नाकासमोर, ड्रम कुठेतरी दूर आणि गिटार जवळपास गायब. प्रेक्षकांतल्या खरखरीत कॅसेटवर त्या रात्रीचा समतोल बऱ्याचदा जास्त खरा असतो. तिसरा प्रकार रेडिओचा. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडचा १४ जानेवारी १९७८ चा सॅन फ्रान्सिस्कोतल्या विंटरलँडचा शो एफएमवरून प्रसारित झाला आणि घरोघरी टेप झाला. म्हणून त्याच्या प्रती भारंभार आहेत, आणि एकीचा वेग दुसरीशी जुळेल याचा भरवसा नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघराज्य पातळीवर कॉपीराइट मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, तोही मुद्रित आवाजाला. स्टेजवर वाजलेल्या पण कलाकाराने कधीच मुद्रित न केलेल्या सादरीकरणासाठी वेगळी तरतूद यायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बूटलेग रेकॉर्डना चोरीच्या मालाविषयीचा कायदा लागू होत नाही असा निकाल दिला होता. युरोपात देशादेशांतल्या संरक्षणाच्या मुदतींमधली फट हेरून, विशेषतः इटलीत, नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत लाइव्ह सीडींचा मोठा धंदा चालला. चाहत्यांच्या कायदेशीर वादांचं पाल्हाळ मी इथे लावणार नाही. परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की या सीडींनी चाहत्यांच्या टेपा उचलल्या आणि त्यांच्यावर चुकीच्या तारखा, चुकीची गावं, मनाला येतील ती गाण्यांची नावं छापली. काहींनी त्याहून पुढे मजल मारली. सप्टेंबर १९७६ मध्ये चेम्सफर्डच्या तुरुंगात झालेल्या सेक्स पिस्टल्सच्या शोची १९९० साली निघालेली आवृत्ती घ्या : कैद्यांच्या दंगलीचे आवाज तिच्यात वरून चढवलेले होते. ती ऐकून ‘काय ते वातावरण!’ असं लिहिणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

फुकट देवाणघेवाण करणाऱ्यांचं जग वेगळं होतं. दोन कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवा, एक भरून परत येईल, असा सरळ व्यवहार. मास्टरवरून काढलेली पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी, असं करत चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत हिस (टेपची सळसळ) वाढत जायचा आणि झांजा विरून जायच्या. एवढं सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते याबद्दल की प्रत्येक पिढीत वेगही बदलायचा. घरगुती डेकच्या मोटरमध्ये एक-दोन टक्के इकडेतिकडे असणं सामान्य होतं. वाजवणारा डेक थोडा जलद आणि रेकॉर्ड करणारा थोडा संथ असेल, तर दोन्ही चुका एकाच दिशेला जमा होतात. मूळ रेकॉर्डर बॅटरीवर चालत असेल तर आणखी एक गोम. रेकॉर्ड करताना बॅटरी उतरत गेली की मोटर मंदावते. तीच टेप नीट चालणाऱ्या डेकवर लावली की गाणी जलद आणि वरच्या पट्टीत वाजतात. सेटच्या सुरुवातीला फरक जाणवत नाही, शेवटच्या गाण्यात गायक हीलियम प्यायल्यासारखा.

क्वार्ट्झने वेग बांधलेले खिशातले रेकॉर्डर, म्हणजे १९८४ चा सोनी डब्ल्यूएम-डी६सी आणि त्याच्या जातीतले, आले तसं हे दुखणं कमी झालं. १९८७ मध्ये डॅट, म्हणजे डिजिटल टेप, आल्यावर ते जवळपास संपलंच. म्हणजे वेगाचा गोंधळ नेमका १९७४ ते ८४ या दशकावर चिकटून बसलाय, आणि पंकची ज्या टेपांसाठी झुंबड उडते त्या याच दशकातल्या.

भांडण मात्र उभं राहिलं खूप नंतर, टेपा संगणकावर आल्यावर. १९९८ च्या सुमारास ऑनलाइन जमलेल्या टेपर मंडळींनी शिस्त घालून दिली : आवाजातला तपशील गाळून लहान केलेल्या एमपीथ्रीसारख्या फाइल चालणार नाहीत, प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत वंशावळीची मजकूर फाइल हवी (कोणता माइक, कोणता रेकॉर्डर, कितवी पिढी, कोणत्या डेकवरून संगणकात), आणि फाइल बदलली तर लगेच कळावं म्हणून चेकसम हवा. २००१ मध्ये फ्लॅक (काही न गाळता फाइल लहान करणारी पद्धत) आणि बिटटॉरेंट (मोठ्या फाइल एकमेकांना पाठवायची सोय) दोन्ही आले आणि ही शिस्त जगभर पसरली. एमपीथ्रीची भेसळ पकडायला स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या वारंवारतांचा आलेख, पाहायचा, सोळा हजार हर्ट्झच्या आसपास कापल्यासारखी रेषा दिसली की रेकॉर्डिंग बाद. (१९७७ च्या मोनो कॅसेटवर दहा हजारांच्या वर मुळातच काही नसतं, तिथे ही परीक्षा फसते. नियम करणाऱ्यांनी ऐकलेल्या टेपा बहुधा चांगल्या रेकॉर्डरवरच्या असाव्यात.)

याच शिस्तीत ‘टेपला हात लावायचा नाही’ हे तत्त्व रुजलं, आणि वेगाच्या दुरुस्तीशी त्याची गाठ पडली. एका बाजूचं म्हणणं, टेप जशी आली तशी द्या, बदल ज्याचा त्याने घरी करावा. दुसरी बाजू म्हणते, पाच टक्के पळणारी टेप देणं म्हणजे चुकीची माहिती देणं. माझा कल उघडच दुसऱ्या बाजूला आहे. उतरलेल्या बॅटरीची चूक जपून ठेवण्यात कसली आली निष्ठा? तो वेग त्या खोलीतल्या एकाही माणसाने ऐकलेला नव्हता.

पण पहिल्या बाजूला दुरुस्त्यांचा जो संशय होता तो निराधार नव्हता. सुरुवातीच्या दुरुस्त्या भयानक होत्या. बरेच जण सरळ स्टुडिओ रेकॉर्ड लावायचे आणि टेपची पट्टी तिच्याशी जुळवायचे. त्या काळी क्लबात इलेक्ट्रॉनिक ट्यूनर क्वचितच. गिटार आणि बास एकमेकांशी जुळले की झालं. काही बँड मुद्दाम अर्धा स्वर खाली लावायचे. अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळपास सहा टक्के. अशा बँडची टेप ओढून स्टुडिओच्या पट्टीत आणली की वेग बिघडतोच, वर त्या रात्रीचा पोतही जातो. गाण्यांचा कालावधी जुळवणं तर त्याहून धोक्याचं, कारण बँड स्टेजवर खरंच जलद वाजवायचे आणि वर्षागणिक आणखी जलद. रामोन्सचा ३१ डिसेंबर १९७७ चा लंडनचा शो अधिकृत रेकॉर्डवर आहे : २८ गाणी, सुमारे ५४ मिनिटं. तीन टक्क्यांची चूक तिथे दीड मिनिटाहून जास्त भरते, म्हणजे त्यांचं जवळपास एक अख्खं गाणं.

यातून वाट निघाली ती विजेच्या गुणगुणीमुळे. ब्रिटन-युरोपात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. अँप्लिफायरची घूं त्या वारंवारतेवर आणि तिच्या पटींवर असते, आणि गाण्यांमधल्या शांततेत, त्या आगाऊ सर्किटने पातळी वर नेलेली असताना, टेपवर नीट उमटते. लंडनच्या टेपवर १०० च्या जागी १०३ ला रेषा दिसली की टेप तीन टक्के पळतेय. गिटार कोणत्या पट्टीत लावली होती याच्याशी काही देणंघेणं नाही. प्रत्येक गाण्याच्या शेवटी हे मोजलं तर बॅटरी कशी उतरत गेली त्याचा आलेखच हाती येतो.

एक मेख आहेच. ती घूं खोलीतली की नंतर प्रत काढणाऱ्या डेकची? विजेवर चालणाऱ्या डेकचीही घूं टेपवर चढते. नीट पाहिलं तर कधी दोन रेषा दिसतात, एक ५० ला आणि दुसरी ५१.५ ला, त्यातली सरकलेली जुनी आणि सरळ बसलेली नंतरची. ज्याने फक्त एकच पाहिली आणि ती नेमकी डेकची निघाली, तो ‘वेग अचूक’ असं छातीठोक लिहून मोकळा होतो. असे शेरे वंशावळीच्या फाइलींत आजही फिरतायत आणि त्यांच्यावर विसंबून परीक्षणं लिहिली जातायत.

बँडांनीही आपल्या टेपा स्वतः काढायला घेतल्या तसा वाद थोडा निवळला. अमेरिकेतल्या फुगाझी या बँडने डिसेंबर २०११ पासून आपल्या शोचा साठा ऑनलाइन खुला केला. हजारभर शोपैकी आठशेहून जास्त त्यांच्याच ध्वनितंत्रज्ञांनी टेप केलेले होते. प्रत्येकासमोर आवाजाचा दर्जा त्यांनी स्वतःच लिहिला, वाईट असेल तिथे वाईटच. सेक्स पिस्टल्सचे १९७६ चे चार शो २०१६ मध्ये एका संचात अधिकृतपणे आले, त्यात ४ जूनचा मँचेस्टरचा शोही आहे. 

सध्याची धुमश्चक्री आहे ती मिसळलेल्या आवाजातून गायक, बास, ड्रम वेगळे काढणाऱ्या प्रणालींवरून. २०१९ नंतर त्या कुणालाही फुकट मिळू लागल्या. मोनो कॅसेटमधून बास सुटा करून वर उचलता येतो, झांजांना धार आणता येते. आणलेली धार कितपत झांजेची आणि कितपत प्रणालीने अंदाजाने भरलेली, हे ऐकून सांगणं कठीण होत चाललंय. टेपर मंडळींनी सध्या तडजोड काढलीय ती अशी : कच्ची प्रत आधी द्यायची, वेग दुरुस्त केलेली दुसरी वेगळ्या नावाने, आणि सुट्या आवाजांतून पुन्हा बांधलेली तिसरी असेल तर तिच्या शीर्षकातच तसं लिहायचं. परीक्षकांनी मात्र आपण तिन्हींपैकी कोणती ऐकली, हे लिहायची सवय अजून लावून घेतलेली नाही.