झाडे लावा, पण माळाचं काय? : सोलापुरातल्या पर्यावरण शिक्षणाची पार्श्वभूमी

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो आणि आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांचा खरा पर्यावरण दिन उजाडतो तो आषाढीच्या आसपास, वृक्षदिंडीच्या रूपाने. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा टाळ, पताका, डोक्यावर तुळस आणि हातात रोप हा थाट मुलांना शिकवावा लागत नाही. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ म्हणत दिंडी गावातून फिरते, शाळेच्या कुंपणालगत खड्डे भरले जातात, फोटो निघतात. मुलांचा त्यातला उत्साह खरा असतो. पण वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि मूळचा गवताळ माळ असलेल्या या मुलखात पर्यावरण म्हणजे झाड एवढंच समीकरण कसं रूढ झालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

या मुलखाचा सगळ्यात जुना धडा पाण्याचा आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, असं परंपरा सांगते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला जाणारं प्रत्येक पोर त्या तलावाच्या काठावरून जातं. इंग्रजी अमलात आदिला नदीवर एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव बांधला गेला. तो 1871 साली पूर्ण झाला. पाऊस बेभरवशाचा असेल तर पाणी अडवून ठेवायचं, हे शहाणपण इथे पुस्तकांच्या आधीपासून होतं.

शाळेत परिसर आला तो कामाच्या वाटेने. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हाताने काम करत, भोवतालच्या वस्तूंतून शिकायचं, हे तिचं सूत्र. आपल्याकडच्या अनेक खेड्यांतल्या शाळांच्या जुन्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ असं नाव असे, ते याच विचारातून आलेलं. टकळीवर सूत काढणं, वाफे करणं, बागेला पाणी घालणं हा अभ्यासाचाच भाग होता. पुढे त्याचा ‘कार्यानुभव’ झाला आणि तासाला गुण आले. माती मात्र वेळापत्रकातून हळूहळू निघून गेली. माझ्या मते आपलं पहिलं मोठं नुकसान इथे झालं.

मग आलं 1972. त्या वर्षी जूनमध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली, सप्टेंबरात देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि सोलापुरात दुष्काळाने कहर केला. आजच्या मुलांचे आजी-आजोबा त्या वर्षाबद्दल अजूनही सांगतात : आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली पोरं, सुकडी या पौष्टिक खाऊचं वाटप, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्याच सुमाराला सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावर माळढोक पक्षी असल्याचं बी. एस. कुलकर्णी यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिलं. मीटरभर उंचीचा, जड अंगाचा हा पक्षी जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला झाड नको, मोकळं गवत हवं.

राष्ट्रीय धोरणाची गाडी मात्र वेगळ्या रुळावरून चालली होती. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत निसर्गरक्षण आलं. त्यात वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांचा नावाने उल्लेख आहे. गवताळ माळाचा नाही. 1977 मध्ये तिबिलिसीच्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची आंतरराष्ट्रीय दिशा ठरवली, 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते सर्व पातळ्यांवर असावं असं म्हटलं. तरी खरा रेटा न्यायालयाचा. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 22 नोव्हेंबर 1991 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा भाग करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून 2003 मध्ये पुन्हा कान उपटावे लागले.

राज्यात 1982 साली सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि झाडाचा नाद शाळेत शिरला तो याच काळात. पिशव्यांत माती भरायची, बी टोचायचं, रोपं वाढवायची. पुढे राष्ट्रीय हरित सेनेची शाळांतली पथकंही याच विभागाकडे आली. काम चांगलंच होतं. पण रोपं बहुतेकदा सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांची, म्हणजे जी भराभर वाढतात त्यांची. नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पाची लागवड झाली. ज्या पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य घोषित झालं, त्याच्याच मोकळ्या जागेत झाडोरा उभा राहिला. माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे झाडं लावायची जागा, हा समज मोठ्यांचा होता. मुलांनी तो आपल्याकडूनच उचलला.

दुसरी गाठ घराघरांत बसली. अभयारण्याचं मूळ क्षेत्र होतं सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. पुढे न्यायालयीन प्रक्रियेनंतर ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधल्या काळात उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा भागातल्या कितीतरी मुलांनी माळढोक हे नाव आधी घरातल्या त्राग्यातून ऐकलं आणि मग पुस्तकात वाचलं. सातबारा अडकलेल्या घरातल्या पोराला ‘पक्षी वाचवा’ हा निबंध लिहायला सांगणं सोपं नव्हतं, आणि ज्या गुरुजींनी त्या घरांशी बोलून तो विषय शिकवला त्यांचं मोल मोठं आहे. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. देशभरातच त्यांची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे.

माळ शिकवायला खर्च येत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. दिवाळीनंतर कुसळी गवताचं पिकलेलं कुसळ मुलाच्या तळहातावर ठेवा आणि पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि ते गोल फिरू लागतं. पाऊस पडल्यावर हेच कुसळ स्वतःला जमिनीत पेरतं. शेजारी पवना आणि मारवेल ही गवतं दाखवा, गुरं काय आधी खातात ते गुराख्याला विचारा, धाविक आणि चंडोल हे माळावरचे पक्षी कुठे पळतात ते बघा.

शहरातल्या मुलाचा धडा वेगळा. सोलापूरचं पाणी उजनीहून शंभरएक किलोमीटरच्या जलवाहिनीने, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याहून येतं, आणि नळाला चार-पाच दिवसांआड. पाण्याचा वार असला की आदल्या खेपेचं भरलेलं पिंप ‘शिळं पाणी’ म्हणून मोरीत ओतणारी घरं अजून आहेत. ते पाणी कुंडीला, संडासाला, धुण्याला वापरायचं, एवढं एक पोराने घरी नेलं तरी पुष्कळ झालं. महापालिकेच्या मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळांत हा धडा सारखाच लागू पडतो.

साधनं नाहीत असं नाही. बालभारतीने तिसरीचं ‘परिसर अभ्यास’ जिल्हावार काढलं. नववी-दहावीला आता ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. पोषण आहारासाठी बऱ्याच शाळांनी परसबाग पुन्हा धरली आहे. त्यामुळे नई तालीमचं वाफे करणं वेगळ्या नावाने परत आलंय. आता यात माळाची भर हवी. वृक्षदिंडीत निघणारं रोप बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंबाचं असावं, ते बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला लागावं, आणि गवताचा माळ गवताला सोडावा. यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. जुलैची रोपं मागवताना मुख्याध्यापकांनी यादी बदलली तरी सुरुवात होते.