लवणीतला डोह

ॲन्युरिझम म्हटलं की मेंदूतली किंवा पोटातली धमनी फुगून फुटण्याची धास्ती आठवते. धमनीत रक्त जोराने धावतं, त्यामुळे ती धास्ती खोटी नाही. असा फुगवटा क्वचित शिरेलाही येतो. तिथला दाब कमी, म्हणून शीर सहसा फुटत नाही. तिच्यात रक्त साकळतं.

पायात याची आवडती जागा म्हणजे गुडघ्यामागची लवण. तिथून जाणारी पॉप्लिटियल शीर एरवी पेन्सिलीएवढी जाड. ती दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक फुगली, की डॉक्टर सावध होतात. सगळीकडून सारखी फुगलेली शीर त्यातल्या त्यात बरी. एका कडेला पिशवी लोंबत असेल तर प्रकरण नाठाळ. पोटरीचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलतात, पण पिशवीत शिरलेलं रक्त नदीच्या डोहासारखं तिथेच गरगरतं. जर्मन रोगशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच ओळखलं होतं, की थबकलेलं रक्त गोठू लागतं.

गुठळीचा तुकडा सुटला, की मांडीतून पोटातल्या महाशिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत आणि थेट फुप्फुसात. मूळ गुडघ्यामागे आणि धाप लागते छातीत! पाय बहुधा दुखतच नाही, त्यामुळे तिकडे कोण बघतो? लवणीत मऊ गाठ लागली तरी ती बेकर सिस्ट, म्हणजे गुडघ्यामागची पाण्याची गाठ, समजली जाऊ शकते. म्हणून आधी सोनोग्राफी, सुई नंतर. आडवं झाल्यावर शीर ओसरते. म्हणून डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करताना रुग्णाला उभंही करावं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतातच, पण डोह जागच्या जागीच राहतो. निव्वळ गोळ्यांवर ठेवलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात पुन्हा गुठळ्या गेल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे पिशवीसारख्या किंवा गुठळी असलेल्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया सुचवतात.

रुग्णाला पालथं झोपवून लवण उघडतात. शेजारूनच पायाचा मोठा मज्जातंतू जातो, त्याला हळूच बाजूला धरावं लागतं. मग शिंप्याने ढगळ सदरा आत घ्यावा तशी फुगीर भिंत कापून, उरलेल्या कडा बारीक दोऱ्याने उभ्या शिवतात. गोळ्या त्यानंतरही काही महिने चालू राहतात. ताज्या टाक्यांवरही रक्त साकळू शकतं.